अण्णांच्या ऑर्किडचं दुखणं

आमचे घरमालक सोपानअण्णा माणसाला चहाच्याही आधी पान हुंगायला लावतात. विड्याचं नव्हे, ऑर्किडचं. सकाळी दार वाजतं. मी केस बांधत दार उघडते, तर समोर अण्णा. डोक्यावर टोपी, छातीशी कुंडी, आणि कुंडीतलं एक जाडजूड, मध्येच काळं पडलेलं पान थेट माझ्या नाकासमोर.

"म्याडम, वास घ्या."

"अण्णा, मी अजून दातसुद्धा घासले नाहीत."

"मग तर ब्येसच. नाक कोरं हाय."

मी निमूटपणे वास घेते. न घेऊन सांगते कुणाला? घर त्यांचं, आणि पाण्याच्या मोटरचं बटणही त्यांच्याच खोलीत.

नेऱ्याला मी राहायला आले ती हिंजवडीचं ऑफिस जवळ म्हणून. अण्णांची बरीचशी शेती आता सोसायट्यांच्या पार्किंगखाली गेली आहे. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी दोन मजली घर बांधलं. वरचा मजला मला दिला, खाली ते एकटेच असतात. काकींना जाऊन काही वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, रेश्मा, नोकरीसाठी बंगळूरला गेली. जाताना तिनं आपलं लाडकं ऑर्किड अण्णांच्या हवाली केलं आणि "याला जपा" म्हणून सांगितलं. अण्णांनी ते अंगणातल्या जांभळाच्या फांदीला टांगलं आणि त्या दिवसापासून त्या झाडाचे हाल सुरू झाले.

कारण अण्णांनी सगळी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून, मलमपट्ट्या करण्यात काढली. बैलाचा खूर, म्हशीची कास, शेळीचं फुगलेलं पोट, यापलीकडे त्यांच्या लेखी आजारच नाही. "मुकं जित्राब हाय, म्याडम. ते काय सांगतंय व्हय कुटं दुखतंय? लक्षण बघायचं, नाव मागनं ठेवायचं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ऑफिसच्या मिटिंगमध्येही एकदा माझ्या तोंडून गेलं.

गेल्या पावसाळ्यात पान पहिल्यांदा काळं पडलं तेव्हा अण्णांनी आधी त्याला हळद-तेल लावलं. मग गोठ्यात देतात तशी शेणीची धुरी दिली. मग खुरकतीवरचं जांभळं औषध कापसानं फासलं. काळं पान जांभळं झालं. आता दुखणं वाढतंय का उतरतंय, हे कळायची सोयच उरली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "उतार हाय."

त्यात गावात प्रत्येकाकडे निदान तयार. दूधवाला म्हणाला, नजर लागली. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, पाणी कमी करा. त्याचाच भाऊ म्हणाला, पाणी वाढवा. अण्णांना कुणाचं मन मोडवत नाही. त्यांनी सकाळचं पाणी बंद केलं, संध्याकाळचं दुप्पट केलं आणि कुंडीला काळी बाहुली बांधली.

शेवटी मी कंबर कसली. शहरातल्या गॅलरीत मी दोन ऑर्किडं जगवली आहेत. शिवाय माझी नोकरीच दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याची, त्यामुळे असला गोंधळ मला बघवत नाही. पान मऊ, ओलं होतं, त्याला कुबट वास होता आणि डाग रोज पसरत होता. म्हणजे सड. पावसाचं पाणी गाभ्यात साचून राहत होतं. मी ब्लेड ज्योतीवर तापवून काळा भाग कापला, कापल्या जागी दालचिनीची पूड दाबली, आणि पाणी साचू नये म्हणून कुंडी तिरकी टांगली. झाड वाचलं. दिवाळीनंतर त्याला जांभळट फुलांचा तुरासुद्धा आला. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

होळी झाली, ऊन तापलं आणि पुन्हा दार वाजलं.

या वेळी पान कोरडं, कडक. वास नाही. डाग पसरतही नव्हता, आणि होता तो फक्त आभाळाकडच्या बाजूला. म्हणजे उन्हानं भाजलेलं. सरळ आहे. पण जांभळाखाली ऊन येतंच कुठे? मी सकाळी जाऊन बघितलं, संध्याकाळी बघितलं. गार सावली. तरी वर हिरवी जाळी बांधली. पुढच्या आठवड्यात दुसरं पान भाजलं. मला वाटलं, आपलंच चुकलं, ही बुरशी असेल. बुरशीनाशक फवारलं. तिसरं पान गेलं. मी स्वतःच्या नाकावर शंका घ्यायला लागले. ऑफिसचं काम बाजूला ठेवून काळ्या पानांचे फोटो बघत बसायचे, आणि जितकं बघावं तितकं डोकं आणखी फिरायचं.

"अण्णा, तुम्ही कुंडी हलवता का कुठे?"

"छ्या. मी कशापायी हलवू?" अण्णा जांभळाकडे बघत म्हणाले.

आणखी एक कोडं होतं. पावसाळ्यात पान कुजलं तेव्हा अण्णांचं जेवणावरून मन उडालं होतं. आता मात्र पान काळं पडलं की स्वारी खुशीत. दाढी काय करतात, इस्त्रीचा सदरा काय घालतात. मी औषध काढलं की म्हणत, "ऱ्हाऊ द्या. बघू काय करतंय." इकडे झाडाला मोजकी पानं उरलेली. आणखी दोन-तीन गेली असती तर झाडच गेलं असतं. मला हा माणूस कळेनासा झाला.

मग एके दिवशी घरून काम करताना माझी दुपारची मिटिंग रद्द झाली आणि त्याच वेळी नळाचं पाणी गेलं. टाकी बघायला मी गच्चीवर गेले. स्लॅब अशी तापलेली की चपलेतून चटका बसावा. आणि त्या उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून, अण्णा बसलेले. पुढ्यात कुंडी.

"तुमची मिटिंग आस्ती ना ह्या टायमाला?" अण्णा म्हणाले.

"रद्द झाली. अण्णा, हे काय चाललंय? या झाडापायी मला वेड लागायची पाळी आलीय, आणि तुम्हीच त्याला इथे आणून भाजताय?"

अण्णा उठले नाहीत. ताप बघावा तसा पानावर हात ठेवून बसून राहिले.

"पावसात कुजलं हुतं तवा रेश्मा रोज फोन करायची," ते म्हणाले. "व्हिडिओ लावायची. पान दाखवा, मूळ दाखवा. मग इचारायची, अण्णा, जेवला का? काय केलं आज? गुडघा कसा हाय? तुमी झाड बरं केलं, आन् फोन थांबला."

"पण फुलं आली तेव्हा तुम्ही तिला फोटो पाठवला होतात की."

"पाठवला. तिनं अंगठा पाठवला." अण्णांनी आपला अंगठा वर करून दाखवला. "फुलाला अंगठा येतो, म्याडम. काळ्या पानाला फोन येतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"मग तुम्हीच करा ना फोन. आठवण आली म्हणून सांगा."

"केला हुता. पयलं इचारती, काय झालं अण्णा? म्हटलं, काय न्हाई. मग म्हणती, मिटिंग हाय, नंतर करते." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "तिचं बी खरं हाय. कामाचा लोड लई हाय तिला. बऱ्या माणसाला किती डाव इचारणार?"

"अहो, पण झाड मेलं तर? मग कशासाठी करेल ती फोन?"

"त्येच तर बघत बसलोय. हात लावून बघतो. लई तापलं की सावलीला नेतो. डाग पडला पायजे, मरता कामा नये."

म्हणजे रोज दुपारी हा माणूस स्वतः भाजून घेत, झाड बेताचं भाजत होता. मी खाली गेले. छत्री आणली, एक जुनी ओढणी भिजवून आणली आणि त्यांच्याशेजारी बसले.

"एकच पान उघडं ठेवू," मी म्हणाले. "बाकीची झाकू. झाड तगेल."

अण्णांना ते पटलं. त्यांनी एकेक पान हातात घेऊन बघितलं. गाभ्यातलं कोवळं पान त्यांनी स्वतःच आधी झाकलं, मग त्याच्या बाजूची. मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरायला गेले तर ती त्यांनी कुंडीकडे सरकवली. शेवटी अगदी तळाच्या, सुरकुतलेल्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"ह्ये ऱ्हाऊ द्या उन्हात," ते म्हणाले. "म्हातारं हाय."