लग्नपत्रिकेवरचा बॉयलर

आमच्या गल्लीत कुणाकडे लग्नपत्रिका आली, की गंगाधरमामा दारात हजर. "ताई, लग्न झालं का?" झालं नसेल तर मुकाट माघारी. अक्षता पडायच्या आत पत्रिकेला कात्री लावायची म्हणजे अपशकुन! झालं असेल तर पत्रिका मागून न्यायची, वरचा गणपती अलगद कापून साखरेच्या डब्यात ठेवायचा आणि उरलेल्या पुठ्ठ्याची कार्डं करायची. कोऱ्या बाजूला प्रश्न लिहायचा. उत्तर छापील बाजूला, नवरा-नवरीच्या नावांमधल्या मोकळ्या जागेत.

हे वेड माझ्या पुतणीमुळे लागलं. ती अशी कार्डं करून अभ्यास करायची, ते मामांनी पाहिलं.

चाकूरजवळच्या तेलगिरणीत मामा बॉयलरवर, मी वजनकाट्यावर. बावीस वर्षं भट्टीपाशी राबले मामा, पण बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट होतं मोठ्या मिस्त्रींकडे. मिस्त्री निवृत्त झाले आणि मालकांनी सांगून टाकलं, "मामा, बॉयलरची परीक्षा पास व्हा. न्हाईतर मी भाईरून माणूस आणतो, तुमी पोत्यांवर या." चौपन्न वर्षांचा, गुडघ्यांनी पिचलेला माणूस पोती काय उचलणार, कप्पाळ!

मग काय, जो भेटेल तो परीक्षक. बिलोलीचा ट्रकवाला काट्यावर थांबला, की त्याच्या हातात कार्डांचा गठ्ठा. "वजन व्हईस्तोवर एवढं विचार की बाबा!"

दुपारच्या डब्याला माझी पाळी.

"सेफ्टी व्हॉल्व्ह कशासाठी असतो?"

मामांच्या कपाळाला आठ्या. "कोणाचं लग्न हाय?"

"मामा, तिथं लग्न विचारणार आहेत का तुम्हाला?"

"सांगा की वो!"

मी कार्ड उलटलं. "जळकोट. संध्या आणि बालाजी."

"हाव! वाफेचा दाब ठरल्यापेक्षा वाढला, की जादा वाफ भाईर सोडतंय!"

घ्या! नवरा-नवरी कळल्याशिवाय या माणसाला एक उत्तर येईना. माझं डोकंच फिरलं. सगळी कार्डं घरी नेली आणि नावांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. मामा दोन दिवस डब्याला माझ्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, पहिल्या कार्डापासून पुन्हा पाठ करायला बसले.

परीक्षेला नांदेडला मीही सोबत गेले. तोंडी झाली आणि मामा घामाघूम बाहेर आले. "एक डाव अडलं हुतं, ताई. मनातल्या मनात संध्या-बालाजीला हाक मारलो. आले बिचारे!"

निकाल लागला. मामा पास! माझाच जीव भांड्यात पडला. मालकांनी तर चहाच्या बरोबर भजी मागवली. पण मामा कुठायत? भट्टीपाशी नाहीत, फाटकावर नाहीत.

शोधत शोधत बॉयलरच्या भिंतीपलीकडे गेले. तिथं अकरा बायका करडई निवडत बसतात. मामा एकेकीच्या हातावर पेढा ठेवत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"अहो मामा, पास झालात आणि रडताय काय!"

त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, बॉयलरची पातळी दावणाऱ्या काचेतलं पाणी दिसंना झालं तर काय करायचं?"

"आग बंद करायची," मी म्हटलं. मलाही एव्हाना पाठ झालं होतं. "थंड पाणी सोडायचं नाही. बॉयलर फुटतो."

"ते कार्डावर लिहिलो, तवा मला पहिल्यांदा कळलं." मामांनी बॉयलरच्या भिंतीकडे पाहिलं. "मिस्त्री जेवायला गेल्यावर दोन डाव तसं पाणी उतरलं हुतं. मी दोन्ही डाव पाणीच सोडलो हुतो. अन् ह्या समद्या हितंच बसल्या हुत्या."

मी वळून त्या अकरा जणींकडे पाहिलं.

"पास झाल्याचे पेढे उद्या देतो तुमाला," मामा डोळे पुसत म्हणाले. "हे त्याचे न्हाईत."

तेवढ्यात लक्ष्मीबाईनं ओरडून विचारलं, "मामा, आनी एक द्या की! पोरीसाठी."

मामा लगबगीनं गेले आणि उरलेला सगळा पुडा तिच्या पदरात रिकामा केला.