घोरपडेकाकांची मधली खुर्ची

घोरपडेकाकांकडे पाहुण्याला पाण्याआधी मिळते ती सूचना. "डोकं हलवू नका."

बडोद्यात, मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत ते बरोबर माझ्या डोक्यावर राहतात. त्यांच्या हॉलमध्ये, भिंतीपासून चांगले पुढे, माणसाच्या उंचीचे दोन काळे जाळीदार स्पीकर उभे असत. शेजारच्या मंजुबेननी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा विचारलं, "आ बारणां वच्चे केम मूक्यां?" मधोमध ठेवलेली ही दारं नव्हेत, हे काकांनी त्यांना समजावलं. आत म्हणे प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो, तो विजेच्या जोरावर थरथरतो आणि गातो. मंजुबेन "सारू, सारू" म्हणाल्या आणि जाताना एका दारावर धडकल्या.

गंमत अशी की हे गाणं अख्ख्या खोलीत एकाच ठिकाणी नीट लागतं. तिथे काकांची खुर्ची. वीतभर इकडेतिकडे सरकलात की गाणारी बाई गेलीच म्हणून समजा. मला एकदा त्या खुर्चीत बसायचा मान मिळाला. खरं सांगते, बाई समोर येऊन बसली. तान घेण्याआधीचा तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. न राहवून मी मान डोलावली.

"गेली ना," काका कळवळले. "दाद द्यायची ती डोळ्यांनी."

त्या पडद्याला धूळ सोसत नाही, दमट हवा सोसत नाही. पावसाळ्यात तो चरचरायला लागला की काका आजारी पोराजवळ बसावं तसे त्याच्याजवळ बसायचे. घरात उदबत्ती बंद, आणि गाणं चालू असताना पंखा बंद, फोडणी बंद. "यांना त्या बाईचा श्वास ऐकू येतो," त्यांची बायको, आमच्या नलूकाकू म्हणायच्या, "माझी हाक तेवढी ऐकू येत नाही."

त्या खुर्चीपायीच झोपाळा गेला. बडोद्यात हॉलमध्ये झोपाळा असणं ही काही चैन नव्हे, ती बसायची जागा. काकूंचा सागवानी, माहेरून आलेला. दुपारची भाजी त्या त्यावर बसूनच निवडायच्या. पण तो टांगलेला होता नेमका खुर्चीच्या जागी, आणि वर त्याच्या कड्या कुरकुरायच्या. काकांनी तो उतरवून गॅलरीत उभा करून ठेवला. "चालेल हो," काकू म्हणाल्या आणि भाजीचं ताट घेऊन आत स्टुलावर जाऊन बसल्या. मला तेव्हा काकांचा राग आला होता. अजूनही येतो.

पुढे काकूंचे गुडघे धरले. उपचाराला म्हणून त्या पुण्याला लेकीकडे गेल्या, महिन्याभरात येते म्हणाल्या. नवरात्र गेलं, दिवाळी गेली, काकांना फराळाचं ताट मीच नेऊन दिलं. काकू आल्या नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. "इथे बरं आहे गं," मला फोनवर म्हणाल्या, "खिडकीशी माझी खुर्ची आहे."

ते मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. पुढे बरेच दिवस वरून गाणं ऐकू आलं नाही.

परवा दुपारी माझ्या छतातून कुरकुर यायला लागली. वर गेले तर दार उघडंच. दोन्ही स्पीकर भिंतीला टेकवलेले, वायरी काढलेल्या. खुर्ची गॅलरीत, आणि हॉलच्या मधोमध झोपाळा. काका त्याच्या एका टोकाला बसले होते, काकूंची बाजू मोकळी ठेवून. फोन हात उंच करून कडीच्या दिशेने धरलेला.

"कडीला तेल आणू का, काका?"

"नको, नको. तिला ऐकू जाऊ दे."

फोन स्पीकरवरच होता. "ऐकलं हो," काकूंचा आवाज आला. "पण आता माझ्या पायांनी जमीन रेटवत नाही. झोका कोण घेणार?"

"मी देईन ना झोका. तू नुसती बस." मग काका म्हणाले, "चुकलंच माझं, नलू. जागा तुझीच होती."

तिचं उत्तर ऐकायला काकांनी पाय टेकून झोपाळा थांबवला, फोन कानाशी घट्ट धरला आणि बसून राहिले, डोकं जरासुद्धा न हलवता.