साठ लाइक कमी

शहराच्या पाण्याच्या टाकीत गेली नऊ वर्षं साफसफाईला कुणी उतरलेलं नाही, ही बातमी छापून आली आणि दुसऱ्याच दिवशी बातमीदारबाईंना रीतसर धमकी मिळाली. "पुढचा भाग लिहिलास तर लिहिणारा हात जागेवर राहणार नाही." समाजमाध्यमावरच्या त्या पोस्टवर टाकीच्या ठेकेदाराचं नाव, हसरा फोटो, सगळं होतं. गृहस्थ लपूनछपून काम करणारे नव्हते. बाईंचा पुढचा भाग लिहून खणात तयार होता, आणि उजवा हात त्यांना एकच होता.

त्या पत्रकार सुरक्षा कक्षात गेल्या. कक्षप्रमुखांनी चष्मा पुसला, पोस्ट वाचली आणि खालचे लाइक पाहिले.

"नऊशे चाळीस. हजाराच्या आतली धमकी हे वैयक्तिक मत असतं, बाई. त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आम्ही गदा आणायची का? तुम्ही पत्रकार, तुम्हीच सांगा."

"अहो, ते हात तोडतो म्हणतायत!"

"म्हणतायत. तोडला की नमुना क्रमांक चार भरून द्या. सही उजव्या हाताची लागेल."

म्हणजे साठ लाइक कमी पडत होते. बाईंनी घरच्या ग्रुपवर विनंती टाकली, की माझ्या धमकीला कृपया लाइक करा. घरच्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. आपल्या पोरीचं काम आहे म्हणून आत्यानं ती व्याह्यांकडे पाठवली, जावयांनी ऑफिसभर फिरवली. थोरल्या काकांनी तर धमकीखाली लिहिलं, "अभिनंदन! असंच यश मिळत राहो." संध्याकाळपर्यंत आकडा सात हजारांवर गेला. आपल्यामागे एवढी माणसं आहेत हे पाहून बाईंना भरून आलं.

दुसऱ्या दिवशी कक्षप्रमुख त्यांना पाहून चक्क उठून उभे राहिले.

"बाई, हे आता मत राहिलं नाही, लोकभावना झाली. पाच हजारांच्या वर आमचे हात बांधलेले असतात."

"मग संरक्षण?"

"ते मंजूर झालं ना! दोन शिपाई, ठेकेदारसाहेबांच्या दारात. इतकी लोकप्रियता वाढली की माणसाच्या जिवाला धोका असतो."

बाई तणतणत घरी आल्या. खणातला पुढचा भाग त्यांनी तडक छापायला पाठवला आणि आत्याला फोन लावला.

"आत्या, तू पहिली बातमी वाचलीस ना गं?"

"वाचायला वेळ कुठला? तुझ्यासाठी लाइकच गोळा करत होते की! थांब हं, घसा कोरडा पडलाय." मागे नळ सुटल्याचा आणि पेला भरल्याचा आवाज आला.

पुढचा भाग छापून आला. बाईंचा हात अजून जागेवर आहे, कारण ठेकेदारसाहेब सध्या सत्कारांत गुंतले आहेत. त्या बातमीला आजवर अकरा लाइक मिळाले. आम्ही यादी दोनदा पाहिली, तुमचं नाव काही त्यात नाही.

धमकीच्या यादीत मात्र लगेच सापडलं.