कुठल्याबी मशीनवर

सन दोन हजार दोनच्या कार्तिकात धारूरच्या बाजारात वैजिनाथ आप्पांच्या दुकानी साधा तांब्या घ्यायचा म्हटलं, तरी आधी सॉफ्टवेअरची माहिती ऐकावी लागत होती.

"घागर बघताय? बघा की. आमच्या वीरेशनं सॉफ्टवेअर बनवलंय, ठाऊक हाय का? कुठल्याबी मशीनवर चालतंय!"

गिऱ्हाईक बिचारं घागर उलटीसुलटी करत "व्हय का" म्हणायचं.

पोराचं काम होतंच तसं. दसऱ्याआधी वीरेश महिनाभर सायकलवर गावोगाव हिंडला होता. ऊसतोडीला निघालेल्या माणसांची नावं, त्यांचा मुकादम, कारखाना, फोन, सगळं त्यानं लिहून आणलं. आता मशीनवर नाव टाकलं की माणूस कुठल्या उसाच्या फडात आहे ते कळणार. इंटरनेटवर त्याला प्रोग्राम बांधायची एक तयार चौकट मिळाली होती. एकदाच बांधा, विंडोजवरही चालवा, लिनक्सवरही चालवा. कुणाकडं कसली मशीन असेल, काय सांगावं? शिवाय चौकट फुकट.

त्या फुकटापाशीच आप्पांचं घोडं अडलं होतं. "वीरेश, तो शब्द आपल्या दुकानात काढू नगंस. तीस वर्षं झाली, ह्या गादीवरनं कुणी फुकट म्हणलं न्हाई. लोक म्हणतील, फुकटचं हाय म्हंजी खोट असंल."

कार्तिकातला सोमवार उद्घाटनाला धरला. सकाळी सातलाच डोंगरातल्या वाडीवरून चंद्रभागाबाई चालत आली आणि पायरीवर बसली. लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, आणि लेक सटवा मुकादमामागं गेला तो कुठं, हे वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं.

"नवरदेवाचा कान पिळायला भाऊ नगं का?" ती येईल त्याला विचारत होती. "पोरगी म्हन्ती, दादाबिगर बोहल्यावर चडत न्हाई."

वीरेशनं आपली मशीन गल्ल्याशेजारी मांडली. आप्पांनी सवयीनं तिच्या डब्यावर टिचकी मारून आवाज ऐकला. "पत्रा बरा हाय," म्हणाले. मग हळद-कुंकू, विभूती, फूल असं यथासांग झालं. वीरेश वायर लावायला वाकला, तेवढ्यात आप्पांच्या हातात नारळ आला. दगड शोधायला जातंय कोण? डब्याचा लोखंडी कोपरा समोरच होता.

नारळ एका दणक्यात फुटला. पाणी पाठीमागच्या जाळीतून सरळ आत गेलं. फट्ट झालं, जरासा धूर निघाला, आणि पडदा काळा पडला.

"नजर लागली," आप्पा म्हणाले.

"नजर न्हाई आप्पा, पानी लागलं!" वीरेशनं कपाळाला हात लावला. सगळी नावं त्या डब्यात. आता उरली होती बीडहून प्रोग्राम आणि नावं उतरवून आणलेली एकच सीडी.

टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या रामहरीनं आपली मशीन हातगाडीवरून आणली. वीरेशनं आधी शपथ घातली, "नारळ न्हाई!" आप्पा कबूल झाले. पण नवी मशीन आली की पूजा नव्यानंच करायला हवी, कोरडी तर कोरडी. तोवर वीरेशनं बटण दाबलं, सीडीची तबकडी बाहेर आली, सीडी ठेवून तो माऊस शोधायला वळला. आप्पा बघतच राहिले. एवढं मोठं यंत्र स्वतःहून हात पुढं करतंय, आणि त्याला तसंच माघारी धाडायचं? त्यांनी तबकडीवर पेढा ठेवला. रामहरी मागं पडदा पुसत होता, त्यानं न बघताच बटण दाबलं. तबकडी आत गेली.

आतून घुर्र-घुर्र झालं आणि थांबलं.

"आप्पा, मशीन हाय का म्हादेव?" रामहरी खवळला. "पेढा चारताव व्हय तिला!"

"मागितला म्हून दिला बे! दारात आलेल्याला उपाशी धाडावं का?"

अर्ध्या तासानं सेफ्टी पिन खुपसून सीडी निघाली, ती पेढ्यानं बरबटलेली. वीरेशची आई, उमाबाई, पुढं आल्या. "आन हिकडं. चिंच लावून लख्ख करते."

"आई, ते पितळ न्हाई!"

शेवटी त्यांच्या जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीनं हळूहळू पुसली. रामहरी मशीन घेऊन निघून गेला. दारात आता निम्मा बाजार जमला होता. कुणी हसलं, "आप्पा, कुठल्याबी मशीनवर चालतंय म्हनं?" आप्पा वळून फळीवरचा तांब्या पुसायला लागले.  चंद्रभागाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि ऊन बघितलं. वाडी गाठायची तर चारच्या आत निघायला हवं होतं.

गावात एकच मशीन उरली, हायस्कुलातली. तिथले रामप्रसाद सर स्वतः ती खांद्यावर घेऊन आले. "पण वीरेश, हिच्यावर विंडोज न्हाई बरं का. लिनक्स हाय."

वीरेशनं सीडी पुन्हा एकदा पुसली. लिनक्सवर त्यानं प्रोग्राम पुण्यात मित्राच्या खोलीवर एकदाच चालवला होता. उमाबाईंनी मात्र काही विचारलं नाही. त्यांनी दोन लहान घागरी काठोकाठ भरल्या आणि नवऱ्याच्या दोन्ही हातांत दिल्या.

"हे कशापायी?" आप्पा म्हणाले.

"धरून ऱ्हावा. खाली ठेवायच्या न्हाईत."

सीडी आत गेली. दोनदा अडखळली. आणि मग पडद्यावर तीच खिडकी उघडली, तीच बटणं, तीच यादी, जशीच्या तशी. वीरेशनं 'सटवा' टाकलं. नऊ सटवा निघाले.

"बापाचं नाव?"

"हरिबा!" चंद्रभागाबाई उठून उभी राहिली.

एकच ओळ उरली. मुकादम भारत, कृष्णाकाठचा कारखाना, खाली फोन. शेजारच्या एसटीडी बूथवरून फोन लागला, कारखान्याच्या माणसानं निरोप फडात धाडला, आणि पाऊण तासानं फोन वाजला. म्हातारीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "सटवा? कुठं हाईस रं लेकरा? ये, कान पिळायचाय!" एवढंच बोलली आणि रडायला लागली.

आप्पांच्या हातांत घागरी अजून तशाच होत्या. पाणी धोतरावर सांडलं, त्यांना पत्ता नव्हता. त्यांचं पोरगं पडद्यासमोर बसलं होतं आणि निम्मा बाजार त्याच्याकडं बघत होता. 

चंद्रभागाबाई कनवटीची गाठ सोडू लागली. "आप्पा, किती द्यायचं?"

 आप्पांनी गादीकडं पाहिलं, मग पोराकडं पाहिलं.

"फुकट!" ते बाजारभर ऐकू जाईल असे ओरडले. "फुकट हाय, माय! ज्यानं चौकट बनवली त्यानं फुकट दिली, माझ्या पोरानंबी फुकट दिलं! आन खोट असंल तर काढून दावा म्हनावं कुनीबी!"

म्हातारीनं गाठ पुन्हा बांधली, पण ती हलेना. फळीवरच्या मोठ्या पातेल्याकडं तिनं बोट केलं. "लग्नाला एक पातेलं बी घ्यायचं व्हतं."

 आप्पांनी घागरी खाली ठेवल्या, पातेलं उतरवलं, सवयीनं टिचकी मारून आवाज ऐकला आणि तिच्या हातात दिलं.

"घिऊन जा, गाठ ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "हे बी कुठल्याबी चुलीवर चालतंय."