भारप्रमुख गवा आणि नथोबाचा ट्रेलर

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती. नदीवर पूल नव्हता. पण पूल-खातं होतं, खात्याला कचेरी होती आणि कचेरीच्या दारात ऊन खात पडलेला एक शिपाईही होता. म्हणजे पूल सोडून सगळं होतं म्हणा ना.

त्याच जंगलात नथोबा नावाचं एक अस्वल राहायचं. नथोबा हाडाचा मिस्त्री. हात काळे, बोलणं सरळ, आणि हे दुसरं त्याला पुढे चांगलंच महागात पडणार होतं.

नथोबाची लेक जांभळी नदीपलीकडे दिली होती. एरवी ती पोहून माहेरी यायची. पण आता तिला दिवस गेले होते, आठवा सरत आला होता. आणि जंगलातली एकुलती एक सुईण, म्हाळसा मुंगशी, नदीच्या अलीकडे राहायची.

जांभळीच्या जन्माच्या वेळी नथोबा पलीकडे राहत होता. नदी फुगलेली होती. म्हाळसा अलीकडच्या काठावर हात चोळत उभी राहिली आणि नथोबाची बायको गेली. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच नथोबाच्या डोक्यात होतं. त्याला रात्रंदिवस भीती वाटायची.

जांभळी रोज पलीकडून ओरडायची, "बाबा, पूल कुठवर आला?"

"येतोय गं! तू जड उचलू नकोस!" नथोबा अलीकडून ओरडायचा.

नदीला पुरेल असा चाळीस हात लांबीचा सागाचा ओंडका बोरखिंडीत पडला होता. तो आणून आडवा टाकला की पूल झाला. तुम्ही म्हणाल, हत्ती होते की! होते ना. पण सगळे हत्ती मिरवणूक-खात्यात होते. मिरवणुकीच्या हत्तीने ओझं ओढलं तर शोभा जाते, असा नियम होता.

राहिला सिंहमहाराजांच्या फौजेतला जुना मालवाहू ट्रक. हिरवा, दणकट, निवृत्त. पण त्याचा हौदा बारा हात आणि ओंडका चाळीस हात. हौद्यात घातला तर खिंडीच्या पहिल्याच वळणावर ट्रक ओंडक्याला घेऊन जायचा की ओंडका ट्रकला, सांगता आलं नसतं.

नथोबा दरबारात गेला. "महाराज, ट्रकचा हौदा काढतो. मागची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कापून आखूड करतो. तिच्यावर एक लोखंडी तबकडी बसवतो. मागे लांब ट्रेलर करतो. ट्रेलरचा खुंटा तबकडीत अडकला की झालं. ट्रक ओढेल, ट्रेलर वळेल, ओंडका येईल."

सेनापती गवा फुरफुरला, "फौजेची गाडी कापायची? त्या हौद्यातून आम्ही लढाईला जायचो!"

"लढाई कधी झाली?" महाराजांनी विचारलं.

"झाली नाही. पण जायचो."

दिवाण कोल्ह्याने मधे पडून परवानगी दिली. पूल झाला तर श्रेय घेता येतं आणि नाही झाला तर मिस्त्री असतोच, हे त्याला ठाऊक होतं.

नथोबाने आठ दिवसांत हौदा उतरवला, चासी कापली, तबकडी बसवली. अशा गाडीला ड्रायव्हर मंडळी घोडा म्हणतात. जंगलातल्या खऱ्या घोड्याने लेखी निषेध नोंदवला, पण ते जाऊ द्या. ट्रेलर अजून व्हायचा होता, तोवर महाराजांनी चाचणी बघायचा हट्ट धरला. राजांना अर्धवट काम बघायची फार हौस असते.

चढ लागला आणि गाडीची मागची चाकं जागच्या जागी गरगरू लागली. धूळ उडाली. माकडं हसली. महाराजांच्या आयाळीत माती गेली.

नथोबा खाली उतरला आणि खरं बोलला. "मागचा हौदा गेला, महाराज. त्यामुळे मागे गाडी हलकी झालीय. ट्रेलर जोडला की त्याचं ओझं तबकडीवर येईल, मग चाकं जमीन धरतील. आजच्यापुरतं कुणी जड जनावर बसलं तरी चालेल."

सगळ्यांनी सेनापतींकडे पाहिलं. सेनापती तबकडीवर जाऊन बसले. गाडी सुरसुर चढून गेली.

टाळ्या पडल्या. "पाहिलंत?" दिवाण म्हणाला. "सेनापती बसले आणि गाडी चढली!"

दुसऱ्या दिवशी सेनापती गवा भारप्रमुख झाले. तिसऱ्या दिवशी तबकडीवर गादी आली, चौथ्या दिवशी छत्री. पाचव्या दिवशी दिवाण उपभारप्रमुख म्हणून शेजारी बसला. तो मूठभर कोल्हा, त्याचा कसला भार! पण नेमणूक झाली की वजन काट्यावर करत नाहीत. गाडी रोज दोघांना घेऊन जंगलात फेरी मारू लागली, आणि चालवायचा बिचारा नथोबा.

उरलेल्या वेळात नथोबाने ट्रेलर पुरा केला. रानडुकरांनी खिंडीत साखळी-कप्पी लावून ओंडका त्याच्यावर चढवला. आता जोडायचा आणि निघायचं.

"सेनापती, उतरता का जरा?" नथोबा म्हणाला. "खुंटा अडकवायचाय."

"उतरू?" गव्याने डोळे वटारले. "मागे भार नसला तर चाकं गरगरतात असं कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हणालो. पण तो भार ट्रेलरचा हो! तुम्ही तात्पुरते बसला होतात."

"तात्पुरता?" गवा उभाच राहणार होता, पण उभं राहणं म्हणजे जागा सोडणं हे आठवून पुन्हा टेकला.

दिवाण गोड हसला. "मिस्त्री, ट्रेलरची नेमणूक झाली आहे का? नाही ना? मग तो भारप्रमुखांच्या जागी कसा बसेल? एक करा. जुना हौदा परत बसवा आणि ओंडक्याचे चार तुकडे करून त्यात घाला. आम्ही त्यावर बसू. कुणाचीच अडचण नाही."

"दिवाणजी, दहा हातांच्या चार तुकड्यांनी चाळीस हातांची नदी ओलांडता येत नाही!"

"बेरीज तर तेवढीच होते," दिवाण म्हणाला.

नथोबा महाराजांकडे गेला, हात जोडले, चासीचं चित्र मातीत काढून दाखवलं. महाराज म्हणाले, "शास्त्र आम्हाला कळत नाही. पण सेनापती बसले होते आणि गाडी चढली होती, हे आम्ही या डोळ्यांनी पाहिलं आहे." आणि उद्या सकाळी ओंडका कापायचा हुकूम सुटला.

त्या संध्याकाळी जांभळीने ओरडून पूल कुठवर आला हे विचारलं नाही. ती नुसती काठावर बसून राहिली. तिचा नवरा ओरडला, "मामा, तिच्या पोटात दुखायला लागलंय! मधूनमधून!"

आपण आजवर सगळ्यांना खरं सांगत बसलो याचा नथोबाला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

उजाडताच तो खिंडीत गाडीपाशी गेला. दोघे गादीवर बसलेलेच होते. नथोबाने पुढच्या चाकाजवळ उकिडवं बसून चुकचुक केलं.

"काय झालं?" गव्याने विचारलं.

"काय सांगू, सेनापती! आता पुढे गाडी हलकी पडतेय. मागे तुमच्यासारखं कुणीही बसू शकतं. पुढे बसणारा मात्र तसाच खंदा लागतो. शिवाय पुढचा सगळ्यांना आधी दिसतो. महाराजांना विचारतो, एखादा नवा..."

"विचारायचं काय त्यात!" म्हणत गव्याने बॉनेटवर उडी घेतली. पत्रा कण्हला. दिवाणाने क्षणभर नथोबाकडे बारीक डोळे करून पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. पण आपण मागे आणि गवा पुढे, हे काही त्याला सोसेना. तो बंपरवर जाऊन बसला.

नथोबाने गादी फेकली, छत्री फेकली. गाडी मागे घेत घेत ट्रेलरखाली आणली. खुंटा तबकडीत खट्‌कन बसला. तो आवाज ऐकून त्या म्हाताऱ्या अस्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

समोर गव्याची पाठ, म्हणून नथोबाने खिडकीतून मान बाहेर काढून गाडी हाकली. चढावर मागची चाकं जमिनीला चिकटून चालली. वळणावर ट्रेलर शहाण्यासारखा वळला. दुपारी रानडुकरांनी ओंडका नदीवर आडवा टाकला. जांभळी नवऱ्याचा हात धरून, एकेक पाऊल टाकत अलीकडे आली. म्हाळसा पाणी तापवून तयारच होती. दिवस मावळायच्या आत नथोबाला नात झाली.

पुढल्या आठवड्यात पुलाचं उद्‌घाटन झालं. सेनापतींना हार, दिवाणांना शाल. दोघांनी पुढून दिलेल्या भाराबद्दल दोन भाषणं झाली.

महाराजांनी नथोबाला बाजूला घेतलं. "मिस्त्री, खरं सांगा. पुढे भाराची गरज होती का?"

नथोबाने गर्दीत पाहिलं. जांभळी पिल्लाला छातीशी धरून उभी होती. पिल्लू तिचा कान चोखत होतं.

"होती, महाराज," नथोबा म्हणाला. "अजूनही आहे. त्यांना तिथून हलवू नका."

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरे बोलावे. पूल बांधायचा नसेल तर.