आक्कासाहेबांनी गच्चीवरून नरतुरंग सर केला त्याची हकीकत

थोरांची कृत्ये कागदी न चढली तर वाऱ्यावर जातात, सबब साक्षीदारांस पुसून, पदरचे काही न घालता, हा मजकूर लिहिला ऐसीजे.

राजश्री चष्मेवाले, भिंगांचे कामी मोठे नामांकित, यांणी स्वहस्ते दुर्बीण सिद्ध केली. त्यांच्या वडील भगिनी आक्कासाहेब, तीस साल शाळेत भूगोल शिकवून फारिग जाहलेल्या, यांणीच बंधूंस बाळपणी आकाशाची ओळख करून दिली होती. हल्ली त्यांच्या दृष्टीचा मध्य मावळला. समोर माणूस यावे तो मुखाचे ठायी करडा डाग, कडेचे मात्र दिसे. डाग वाढत जाईल, ऐसे डॉक्टरांनी कळविले. तेव्हां आक्कासाहेबांचा हुकूम सुटला की, दक्षिणेस नरतुरंग नामे तारकासमूह, त्यात ओमेगा म्हणोन लाखो ताऱ्यांचा गुच्छ, तो जन्मभर फळ्यावर काढिला, आता एकवार खासा पाहणे.

मग चष्मेवाल्यांनी दुर्बीण, स्टूल, शाल ऐसा सरंजाम घेऊन दिवेलागणीनंतर आक्कासाहेबांसह गच्चीवर कूच केले, आणि पाहातात तो ऐन दक्षिणेस दंतवैद्याचे पाटीचा उजेड फौजबंद उभा. मग वकिलीस खुद्द जिना उतरले, आणि दंतवैद्याने अर्ध्या तासाचा तह दिला, शर्त इतकीच की, दोन साल चुकविलेली दाढ उदईक सकाळी हजर करावी. चष्मेवाल्यांनी दाढेवर पाणी सोडिले.

पाटी विझली. मग मित्र आणि मित्रक या ठळक ताऱ्यांची दोन ठाणी पहिल्याच हल्ल्यात हाती आली, आणि मित्राचे दुर्बिणीत एकाचे दोन जाहले. तेथून वर चढत ओमेगाचा मुलूख गाठिला, परंतु चष्मेवाल्यांस धुरकट ठिपका मात्र दिसे, आणि डोळे फाडून पाहावे तो तोही पसार होय. तहाची मुदत सरत आली. मलाच दिसेना, तर आक्काला काय दिसणार, ऐसे त्यांच्या मनी आले. तरी हात धरून बहिणीस स्टुलावर बसविले.

आक्कासाहेब सवयीने नजर बाजूस टाकून बसल्या, आणि बराच वेळ हलेनात.

"आक्का, काही दिसतंय का गं?"

"दिसतंय की. साखर सांडल्यासारखं. मधे गच्च, कडेला सुटंसुटं. तुला नाही दिसलं?"

"ठिपका दिसला नुसता."

"रोखून बघत असशील. माझ्यासारखं जरा बाजूला बघ."

मग चष्मेवाल्यांनी आज्ञेप्रमाणे नजर तिरपी केली, आणि ठिपका फुलोन त्याचा कण न् कण वेगळा जाहला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते. नोंद आक्कासाहेबांनी स्वहस्ते केली: ओळीवर ओळ चढली तरी न थांबता, तारीख घालून लिहिले की, गुच्छ पाहिला, भावालाही दाखवला. नोंद कायम.