क्रांतीचं नाक

जयसिंगपूरच्या अलीकडं एका गावात क्रांतीचं चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, कांडायचं यंत्र आहे, आणि यंत्रापेक्षा बोलबाला आहे तो तिच्या नाकाचा. उन्हाळ्यात घराघरांतून भाजलेली मिरची आणि मसाला येतो, संध्याकाळपर्यंत एकसारख्या स्टीलच्या डब्यांची रांग लागते. पण डब्यावर नाव घालायला क्रांती तयार नाही. "झाकण उघडलं की कुणाचं घर ते कळतंय मला," ती सांगायची. आणि खरंच कळायचं.

यंत्र नवं होतं तेव्हा कुणी फिरकत नव्हतं. पहिली मिरची आणली रत्नाकाकूंनी. त्यांच्या जैन घरात कांदा-लसूण चालत नाही, म्हणून यंत्र धुऊन-पुसून सकाळचं पहिलं कांडप त्यांचं, असा क्रांतीनं नेमच केला. त्यांच्या शब्दावर बाकीची जैन घरंही आली. काकूंचा विश्वास गेला तर धंदा बसणार होता. आणि आई गेल्यापासून हक्कानं रागावणारंही क्रांतीला दुसरं कुणी नव्हतं.

यंदा ऐन हंगामात तिला सर्दी झाली. नाक असं चोंदलं की मिरचीच्या धुरळ्यातही शिंक येईना. शहाण्या माणसानं डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या असत्या. क्रांतीनं झाकणं उघडून वास घेतल्यासारखं केलं आणि ठामपणे डबे वाटून टाकले.

रविवारी दुपारी गावातल्याच हंबीरतात्यांचा फोन आला.

"क्रांते, चटणी कुणाची दिलीस? मटणाचा रस्सा केलाय, पर चव दवाखान्यातल्या जेवणाची. कांदा न्हाय, लसूण न्हाय. पावणं ताटावर बसल्यात."

"पावणं काय म्हणत्यात?"

"जावई हाय. काय म्हणणार? गुमान दही-भाकरी खातोय."

क्रांतीनं फोन ठेवला. काकूंचा डबा तात्यांकडं, म्हणजे तात्यांची लसणाची चटणी काकूंच्या स्वयंपाकघरात! ती अनवाणीच धावत सुटली.

रत्नाकाकू पायरीवर बसल्या होत्या. डबा अंगणात आंब्याखाली होता, न बोलावता आलेल्या माणसासारखा अवघडून.

"काकू, आत न्हेला?"

"दारातच वास आला की. उंबरा ओलांडू दिला न्हाय."

क्रांतीला रडू फुटलं. "चुकलं माझं. तुम्ही आता दुसरीकडं जावा. बाकीच्यांनाबी सांगा."

"सांगणार हायच," काकू म्हणाल्या. क्रांतीनं मान खाली घातली. "पोरगीला सर्दी झालीय, ती बरी हुईपर्यंत मिरच्या न्हेऊ नका, म्हणून सांगणार."

आणि आतून त्यांनी मिरी-लवंगेचा वाफाळता काढा आणला. "पी. नाक चोंदलं तर सांगावं माणसानं. एवढा कसला ताठा?"

क्रांती काढा प्यायली आणि रडली, दोन्ही एकदमच. रागावणारं माणूस अजून आपलं होतं, एवढ्यानंच तिला निम्मं बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात भरपाई म्हणून तिनं स्वतः मिरच्या आणून काकूंना दिल्या, काकूंनी त्या भाजून आणल्या, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. फक्त या खेपेला काकूंच्या डब्याच्या कडीला एक लाल रिबन बांधलेली होती, त्यांच्या नातीची, सोनलची, शाळेतली.

"आता हे कशाला, काकू?" क्रांती जरा दुखावूनच म्हणाली. "नाक मोकळं झालंय की माझं."

"झालं असंल बाई," काकू गाठ आवळत म्हणाल्या, "पर बोलतीस अजून नाकातनंच."